कॉम्पॅक्ट की डीएसएलआर? पहिला कॅमेरा घेताना दुसऱ्या लेन्सचा हिशोब आधी करा

(ऑडिओ भागाचा हा लेखी मजकूर. बोलण्यातली अडखळ आणि पुनरुक्ती तेवढी काढली आहे, बाकी जसं बोललो तसं ठेवलं आहे.)

आजचा भाग एका व्हॉइस मेसेजमुळे करतोय. सातारा जिल्ह्यातल्या एका गावातून एका मुलीचा मेसेज आला. नाव सांगत नाही, पण मेसेज थोडक्यात असा होता.

"दादा, मी बीएस्सीला आहे. दोन वर्षं शिकवण्या घेऊन ३८ हजार रुपये साठवलेत. फोनवर फोटो काढते, लोकांना आवडतात. आता गावातली बारशी, डोहाळजेवणं असे छोटे कार्यक्रम घ्यायचेत, म्हणजे थोडे पैसेही मिळतील. भाऊ म्हणतो डीएसएलआर घे. मैत्रीण म्हणते ते धूड कशाला, चांगला कॉम्पॅक्ट घे, खिशात मावतो. दुकानदार तिसरंच काहीतरी गळ्यात मारतोय. परत एवढे पैसे कधी जमतील माहीत नाही. चुकायला नको."

शेवटचं वाक्य मी दोनदा ऐकलं, कारण मी स्वतः चुकलोय. पहिली नोकरी लागली, तीन पगार जमवले आणि डीएसएलआर घेतला. सोबत बॉक्समधली किट लेन्स. मला फोटो कशाचे काढायचे होते? ट्रेकचे. पहिल्या ट्रेकला गळ्यात अडकवून गेलो. दुसऱ्याला सॅकमध्ये होता. राजगडाच्या बालेकिल्ल्याची चढण चढताना दोन्ही हात लागतात, तेव्हा कॅमेरा बाहेर निघालाच नाही, सगळे फोटो फोनवर काढले. तिसऱ्या ट्रेकला तो घरीच राहिला. मग कपाटावर. मग विकला, अर्ध्या किमतीला.

कॅमेरा वाईट नव्हता. माझ्या कामाचा नव्हता. तर आज हाच हिशोब करूया: कोणाच्या कामाचं काय?

आधी आत काय आहे ते बघू

डीएसएलआरमध्ये सेन्सरच्या पुढे एक आरसा असतो, ४५ अंशांत तिरका. लेन्समधून आलेला प्रकाश त्या आरशावर आपटून वर जातो आणि डोळा लावायच्या खिडकीत, म्हणजे व्ह्यूफाइंडरमध्ये दिसतो. बटण दाबलं की आरसा वर उडतो, शटर उघडतं, प्रकाश सेन्सरवर पडतो. तो 'खटॅक' आवाज येतो ना, तो याचाच.

आता या आरशाला हलायला जागा लागते. म्हणून कॅननच्या डीएसएलआरमध्ये लेन्स बसते तिथपासून सेन्सरपर्यंत ४४ मिलिमीटर अंतर असतं, निकॉनमध्ये ४६.५. कॅमेरा जाड का, तर त्यासाठी. फायदा असा की तुम्ही खिडकीतून थेट दृश्य बघता, स्क्रीन चालू ठेवावा लागत नाही, त्यामुळे बॅटरी खूप टिकते. निकॉन डी३५०० एका चार्जवर प्रमाणित मोजणीनुसार १५५० फोटो काढतो. कॅननचा जी७ एक्स मार्क ३ हा कॉम्पॅक्ट? २३५.

कॉम्पॅक्टमध्ये आरसा नाही आणि लेन्स कायमची बसवलेली असते. म्हणून तो लहान. जी७ एक्स मार्क ३ चं वजन बॅटरीसकट ३०४ ग्रॅम आहे. डी३५०० बॅटरी-कार्डासकट ४१५ आणि त्यावर किट लेन्स २०५ ग्रॅम, म्हणजे ६२०. ऐकायला फरक फार वाटत नाही, पण एक जीन्सच्या खिशात जातो आणि दुसऱ्याला वेगळी बॅग लागते. आणि बॅग घ्यायचा कंटाळा हा फोटोग्राफीचा सगळ्यात मोठा शत्रू आहे, अनुभवाने सांगतो.

पावसात ठेवलेली भांडी

आता मुख्य गोष्ट. फोटो म्हणजे गोळा केलेला प्रकाश. उन्हात कुठलाही कॅमेरा चालतो, तुमचा फोनसुद्धा. खरी परीक्षा घरातल्या ट्यूबलाइटखाली होते.

अशी कल्पना करा की अंगणात पाऊस पडतोय आणि तुम्ही भांडी ठेवलीत. भांडं म्हणजे सेन्सर. जितकं मोठं तोंड, तितकं जास्त पाणी.

स्वस्तातल्या छोट्या कॉम्पॅक्टचा सेन्सर साधारण २८ चौरस मिलिमीटरचा असतो. ती वाटी. चांगल्या कॉम्पॅक्टमध्ये ज्याला 'एक इंची' म्हणतात तो सेन्सर असतो. नाव एक इंची असलं तरी तो खरा १३.२ बाय ८.८ मिलिमीटर असतो. ते नाव जुन्या व्हिडिओ कॅमेऱ्यातल्या नळ्यांच्या मापावरून आलंय. त्याचं क्षेत्रफळ होतं ११६. ते पातेलं म्हणा. नवशिक्यांच्या डीएसएलआरमध्ये एपीएस-सी सेन्सर असतो, कॅननमध्ये साधारण ३३०. ती परात. त्याहून मोठा फुल फ्रेम, ८६४, पण ते आपल्या बजेटच्या बाहेरचं घमेलं आहे, तिकडे आज जायचं नाही.

यातली वाटी तर लगेच विसरा. आजच्या बऱ्याच फोनच्या मुख्य कॅमेऱ्याचा सेन्सर त्याहून मोठा आहे, वर फोन एकामागोमाग अनेक फोटो घेऊन त्यांची बेरीज करतो. म्हणूनच तो स्वस्त कॉम्पॅक्टचा बाजार फोनने खाल्ला. जपानच्या कॅमेरा उत्पादकांच्या संघटनेचे आकडे बघा: २०१० मध्ये जगभरात १२ कोटींहून जास्त डिजिटल कॅमेरे गेले, २०२३ मध्ये ८० लाखांच्याही खाली. त्यामुळे 'कॉम्पॅक्ट' म्हणताना मी एक इंची किंवा त्याहून मोठ्या सेन्सरचाच म्हणतोय. आजकाल इन्स्टावर जुन्या डिजिकॅमची क्रेझ आहे, ती मजा म्हणून ठीक, पण ३८ हजारांचं उत्तर म्हणून नाही.

मग भाऊ म्हणतो ते बरोबर? परात पातेल्यापेक्षा पावणेतीनपट मोठी, म्हणजे डीएसएलआर जिंकला?

थांबा. पाऊस किती जोरात पडतोय ते कुठे बघितलं आपण?

इथे भाऊ चुकतो

पावसाचा जोर ठरवते लेन्स. लेन्सवर एक आकडा लिहिलेला असतो, एफ/१.८, एफ/३.५, एफ/५.६ असा. आकडा जितका लहान, तितकं लेन्सचं तोंड मोठं. आणि हा हिशोब वर्गात चालतो. आकडा निम्मा झाला तर प्रकाश चौपट होतो.

डीएसएलआरसोबत येणारी १८-५५ किट लेन्स झूम न करता एफ/३.५ असते, पूर्ण झूमवर एफ/५.६. जी७ एक्स मार्क ३ सारख्या कॉम्पॅक्टची लेन्स झूम न करता एफ/१.८ आणि पूर्ण झूमवर एफ/२.८.

आता गुणाकार करा. झूम न करता कॉम्पॅक्टची लेन्स किट लेन्सच्या जवळजवळ चौपट जोराने पाऊस पाडते. डीएसएलआरचं भांडं पावणेतीनपट मोठं. म्हणजे एकूण पाणी कुठे जास्त जमलं? कॉम्पॅक्टमध्ये, थोडंसं का होईना. झूम केल्यावरही तेच.

मंडळी, हे नीट ऐका, कारण दुकानात हे कुणी सांगत नाही. किट लेन्स लावलेला नवशिक्यांचा डीएसएलआर अंधुक उजेडात चांगल्या कॉम्पॅक्टच्या पुढे जात नाही. दुप्पट वजन उचलून तुम्ही तिथेच पोचता. मी कपाटावर ठेवलेला होता तो हाच सेट होता.

मग डीएसएलआर घ्यायचा कशाला? तर लेन्स काढता येते म्हणून. तेवढंच एक कारण, पण ते खूप मोठं आहे.

५० मिलिमीटर, एफ/१.८ ही लेन्स घ्या. कॅननची आहे, निकॉनची आहे, दोन्हींच्या स्वस्त लेन्सपैकी एक. यात झूम नाही. पुढे-मागे व्हायचं तर आपल्या पायांनी. पण ती डीएसएलआरवर चढवलीत की त्याच ठिकाणी किट लेन्सच्या नऊ-दहापट प्रकाश येतो. कॉम्पॅक्ट तेवढाच झूम केला तर त्याच्या साधारण सातपट. आता कॉम्पॅक्ट शर्यतीतच नाही.

सातपट, दहापट म्हणजे काय ते बारशात बघू. पाळण्याखाली-पाळण्यावर करून झालं, आत्या बाळाच्या कानात 'कुर्र' करते आणि मागून बायका तिच्या पाठीत धपाटे घालतात. हा सगळा प्रकार दोन-तीन सेकंदांचा असतो. किट लेन्सवर कॅमेरा म्हणेल, उजेड कमी आहे, शटर १/१५ सेकंद उघडं ठेवतो. तेवढ्या वेळात हात हलले, आत्या हसली, सगळं पुसट. लेन्समधलं स्टॅबिलायझेशन तुमच्या हाताची थरथर थांबवतं, आत्याची नाही. ५० एफ/१.८ वर तोच फोटो १/१२५ ला निघतो. हसू जसंच्या तसं थांबतं. आणि दहा फुटांवरून या लेन्समध्ये साधारण साडेचार फूट रुंदीचं दृश्य मावतं, म्हणजे आत्या, बाळ आणि धपाटे घालणारे दोन हात नीट बसतात.

म्हणून माझं म्हणणं एका वाक्यात: डीएसएलआर ही एकदाची खरेदी नाही, ते खातं उघडणं आहे. दुसरी लेन्स घ्यायची तयारी असेल तरच खातं उघडा. नसेल तर कॉम्पॅक्ट घ्या, किंवा फोनवरच थांबा.

मग कॉम्पॅक्ट कोणासाठी?

ज्यांना फोटोसाठी बाहेर पडायचं नाही, पण बाहेर पडल्यावर फोटो काढायचेत त्यांच्यासाठी. ट्रेक, प्रवास, वारीत दोन दिवस चालणं, रस्त्यावरची माणसं. समोर मोठा कॅमेरा आला की लोक अवघडतात, छोट्याने अवघडत नाहीत. शटरचा आवाजही जवळजवळ नसतो. रिकोचा जीआर ३ तर एपीएस-सी सेन्सर घेऊन २५७ ग्रॅममध्ये बसतो, म्हणजे परात खिशात! पण त्याला झूम अजिबात नाही आणि किंमतही आपल्या बजेटच्या वर जाते.

तोटेही ऐका. लेन्स आत-बाहेर होते तेव्हा धूळ आत जाऊ शकते आणि ती साफ करायची तर कॅमेरा उघडावा लागतो. लेन्स बिघडली की अख्खा कॅमेरा गेला. बऱ्याच खिशातल्या कॅमेऱ्यांवर वेगळा फ्लॅश लावायला जागाच नसते. आणि चांगले कॉम्पॅक्ट स्वस्त राहिलेले नाहीत.

पक्ष्यांवाले विचारतील, आमचं काय? भिगवणला फ्लेमिंगो बघायला जाणार असाल तर १८-५५ किट लेन्सही नको आणि ५० सुद्धा नको. तिथे लांबचं ओढणारी लेन्स लागते, ७०-३०० वगैरे. किंवा निकॉन पी९०० सारखा ब्रिज कॅमेरा, ज्याचा झूम ८३ पट आहे. त्याचा सेन्सर वाटीच आहे, पण भिगवणला सकाळी ऊन असतं, पाऊस धो-धो पडतोय, मग वाटीही भरते. बघा, तोच नियम, उत्तर वेगळं.

डीएसएलआर बंद होतायत ना?

हा प्रश्न येणारच. खरं आहे. कॅनन आणि निकॉन दोघांचे सगळ्यात वरच्या दर्जाचे शेवटचे डीएसएलआर २०२० चे. त्यानंतर दोघांचा जोर मिररलेसवर आहे, म्हणजे आरसा काढून टाकलेला पण लेन्स बदलता येणारा कॅमेरा. मघाशी सांगितलेला निकॉन डी३५०० आता बनत नाही.

मग जुन्यात पैसे घालायचे का? नवशिक्यासाठी हीच संधी आहे. लोक मिररलेसकडे वळतायत, म्हणून चांगले डीएसएलआर सेकंड हँड बाजारात येतायत. कॅननच्या ईएफ लेन्स १९८७ पासून बनल्यात, त्यामुळे वापरलेल्या लेन्सचा तुटवडा नाही. उद्या तुम्ही मिररलेसवर गेलात तर अ‍ॅडॉप्टर लावून याच लेन्स ऑटोफोकससकट चालतात. बजेट जास्त असेल तर थेट मिररलेस घ्या, माझी ना नाही. पण बॉडीतच सगळे पैसे संपून लेन्सला काही उरत नसेल, तर परत तेच कपाट.

दोनशे फोटोंची परीक्षा

काहीही घेण्याआधी एक काम करा. फुकट आहे. फोनची गॅलरी उघडा आणि शेवटचे दोनशे फोटो बघा. स्क्रीनशॉट आणि नोट्सचे फोटो सोडून. आता तीन प्रश्न.

एक, यातले किती फोटो कमी उजेडामुळे किंवा लांब असल्यामुळे बिघडले? दहा-पंधराच असतील तर तुमच्या फोनची हद्द अजून आलेली नाही. पैसे बँकेत ठेवा, मनापासून सांगतो.

दोन, बिघडलेले फोटो कुठले आहेत? घरातली माणसं? स्टेज? पक्षी? त्यावरून लेन्स ठरते आणि लेन्सवरून कॅमेरा. उलटं नाही.

तीन, ते फोटो काढताना तुम्ही फोटो काढायलाच गेला होतात, की सहज गेला होतात? फोटो काढायलाच गेला असाल तर बॅग उचलाल. सहज गेला असाल तर उचलणार नाही. मी उचलली नाही.

तर ताई, तुझ्यासाठी

तुझं काम बारशी आणि डोहाळजेवणं. घरातला उजेड, माणसांचे चेहरे, आणि तू तिथे फोटो काढायलाच जाणार. म्हणून माझं उत्तर: वापरलेला डीएसएलआर, पण ५० एफ/१.८ सकट. भावाचं उत्तर बरोबर आहे, कारण मात्र वेगळं.

पैसे असे वाट. बॉडी आणि किट लेन्स मिळून २२-२४ हजारांच्या वर जाऊ नकोस. ८-१० हजार ५० च्या लेन्ससाठी बाजूला काढ, त्याला हात लावायचा नाही, दुकानदाराने बॅग-ट्रायपॉडचा कितीही भारी कॉम्बो दाखवला तरी. उरलेल्यात दोन मेमरी कार्डं, एक जादा बॅटरी. दोन कार्डं का, तर लोकांच्या घरचं बारसं परत होत नाही. किट लेन्स फेकायची नाही, ग्रुप फोटो तिच्यावरच काढायचे, दाराजवळ किंवा अंगणात, उजेडात. छोट्या खोलीत ५० मध्ये पंधरा माणसं मावणार नाहीत.

वापरलेला घेताना एवढं तपास:

– शटर किती वेळा उडालंय ते विचार आणि दाखवायला सांग. डी३५०० चं शटर एक लाख वेळांसाठी तपासलेलं असतं. २०-३० हजार झाले असतील तर चिंता नाही.

– लेन्समध्ये मोबाइलची बॅटरी मारून आरपार बघ. कोळ्याच्या जाळ्यासारखं दिसलं तर ती बुरशी. आपल्याकडच्या पावसाळ्यात, विशेषतः कोकण-मुंबईकडून आलेल्या लेन्समध्ये ही सापडते. अशी लेन्स घेऊच नको.

– एफ/२२ ठेवून पांढऱ्या भिंतीचा फोटो काढ. काळे ठिपके म्हणजे सेन्सरवर धूळ. ती साफ होते, पण किंमत कमी करून घे.

– निकॉनचा डी३००० किंवा डी५००० मालिकेतला घेत असशील तर ५० ची लेन्स 'एएफ-एस'च हवी. या बॉडींमध्ये फोकसची मोटर नसते. जुनी 'एएफ-डी' लेन्स स्वस्त मिळते, बसतेही, पण ऑटोफोकस होत नाही. यात खूप जण फसतात.

– बिल माग आणि त्यावरचा सिरियल नंबर बॉडीवरच्या नंबराशी जुळव.

घरी आणल्यावर घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेव आणि आठवड्यातून एकदा तरी वापर. चामड्याच्या पिशवीत बंद करून ठेवलेल्या कॅमेऱ्यालाच बुरशी लवकर धरते.

आणि या सगळ्याच्या आधी एक. साताऱ्यात किंवा पुण्यात असा सेट एक दिवस भाड्याने मिळतो का बघ. नात्यातल्याच एखाद्या बारशाला फुकट फोटो काढ. संध्याकाळी खांदा दुखला आणि तरीही फोटो बघत बसलीस, तर दुसऱ्या दिवशी पैसे काढ. कंटाळलीस, तर फक्त भाडं गेलं, ३८ हजार नाही. मी हे केलं असतं तर माझे तीन पगार वाचले असते.

चला मंडळी, तुमच्या दोनशे फोटोंमधून काय निघालं ते व्हॉइस मेसेजने नक्की पाठवा. पुढच्या भागात तो एफ आकडा आणि शटर हाताने कसे लावायचे ते बघू, फोनवरच, कॅमेरा नसला तरी. तोपर्यंत काळजी घ्या, भेटूया!